नाल वाचणारे आबा

साक्रीत त्या काळी खोटं बोलायची सोय नाही अशा दोन जागा होत्या. एक देवळाचा गाभारा आणि दुसरं आबांचं अंगण. गाभाऱ्यात तरी लोक बोलायचे. आबांच्या अंगणात कोणाची छाती होत नसे, कारण तिथे आबा माणसाला काही विचारतच नसत. घोड्याच्या पायातला झिजलेला नाल काढून हातात घेत आणि जे काय विचारायचं ते त्यालाच विचारत.

आबा नालबंद. मी देवी टोचणारा. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची चार-पाच वर्षं मी साक्री तालुक्यात नोकरीला होतो. दिवाळी झाली की लशीच्या नळ्यांची पेटी पट्टेवाल्याच्या डोक्यावर द्यायची, आपण घोडीवर बसायचं आणि होळीपर्यंत गावोगाव पोरांचे दंड टोचत हिंडायचं, हे माझं काम. उन्हाळ्यात लस टिकत नाही, म्हणून सगळी धावपळ थंडीतली. लोक मला देवीडाक्तर म्हणत. मी कुठल्याही अर्थाने डॉक्टर नव्हतो, पण ही चूक मी कधी कोणाची दुरुस्त केली नाही.

आबांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काय विनयशील माणूस आहे! मी घोडीवरून उतरतोय तोच हे गृहस्थ कमरेत वाकून उभे. मीही घाईघाईने हात जोडले. मागाहून कळलं की चाळीस वर्षं घोड्यांचे पाय मांडीवर घेऊन घेऊन त्यांची कंबर तशीच राहिली होती. नवखा माणूस आला की हमखास फसायचा. प्रत्यक्षात त्या माणसाने उभ्या जन्मात कोणापुढे मान वाकवली असेल तर ती घोड्यापुढे. माझ्या नमस्काराकडे त्यांचं लक्षही नव्हतं. ते माझ्या तांबड्या घोडीशी बोलत होते.

"या बाई, या. लई दूरथीन उन्यात? पाय दुखस का?"

घोडीची सगळी विचारपूस झाली, तिला पाणी दाखवून झालं, कपाळ खाजवून झालं, आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हीन कोन?" हा त्यांचा ठरलेला क्रम होता. एकदा कोणी बडा अंमलदार उन्हात ताटकळत उभा राहिला आणि चिडून म्हणाला, "आधी आमच्याशी बोला की!" आबा त्याच्या घोड्याचा पाय न सोडता म्हणाले, "साहेब, तुमले जर नाल ठोकना व्हता, त मी पयले तुमनासंगेच बोलतू." साहेबाच्या शिपायाला ठसका लागला.

आबांचं घर कान नदीच्या अंगाला होतं. पुढे लिंबाचं झाड, झाडाखाली ऐरण आणि भाता, आणि अंगणातून आडवी गेलेली दगडी फरशीची एक अरुंद पट्टी. घोडा आला की मालकाने त्याला त्या फरशीवरून नेऊन परत आणायचं. आबा मात्र त्या वेळी फरशीकडे पाठ करून बसत. डोळे मिटत. घोड्याची चाल बघायची नाही, ऐकायची, असा त्यांचा दंडक होता. म्हणत, "डोया फसाडतस. टाप फसाडत नही."

हे सगळं ढोंग आहे असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. मी तरुण होतो आणि चार इयत्ता जास्त शिकलेलो होतो, म्हणजे लवकर हसणारा होतो. ते हसू पारोळ्याकडच्या एका पाटलाच्या घोड्याने घालवलं.

पाटलाने बाजारातून नवा अबलख घोडा घेतला होता. मोठा देखणा. घेताना चांगला चालवून पाहिला होता, तरी घरी आणल्यापासून घोडा नीट खाईना आणि पाठीवर बसलं की अंग चोरी. लंगडत मात्र नव्हता. चार पाय सारखे पडत होते. मी स्वतः डोळे फाडून पाहत होतो. आबा पाठ करून बसलेले. घोडा एकदा गेला, एकदा आला. आबांनी हात वर केला.

"पाटील, हाऊ घोडा दोन पायथीन लंगडा शे."

पाटील म्हणाला, "आबा, एक पायथीनबी लंगडा नही! देखा त खरं!"

"देखीसनच त तुम्हीन इकत लिधा," आबा म्हणाले आणि उठले.

त्यांनी पुढच्या उजव्या पायाचा नाल उचकटला. नाल आणि टापेच्या मधून हरभऱ्याएवढा खडा खाली पडला. डावा पाय तपासला. त्यात खडाबिडा काही नव्हता, पण टापेच्या आत जुना मार होता. मग आम्हाला उलगडा झाला. डावा पाय मूळचा दुखरा. विकणाऱ्याने काय करावं? चांगल्या पायात खडा बसवला. आता दोन्ही पाय सारखेच दुखतात, म्हणून घोडा दोन्हीकडे सारखाच दबत चालतो आणि बघणाऱ्याला सरळ दिसतो. पाटील विकणाऱ्याच्या नावाने शिव्या देत तांबडालाल झाला. आबांचं तिकडे ध्यान नव्हतं. ते खडा निघालेला तो चांगला पाय मांडीवर घेऊन कोमट पाण्याने शेकत बसले होते आणि त्याला पुन्हा पुन्हा म्हणत होते, "तुना काय गुन्हा व्हता रे?" मी त्या दिवशी हसलो नाही, आणि पुढेही कधी हसलो नाही.

आबा कधी घोड्यावर बसत नसत. एकदा पिंपळनेरहून कोणी अडलेल्या माणसाने त्यांना न्यायला घोडा पाठवला. आबा निघाले ते घोड्याच्या शेजारून पायी. बारा-चौदा मैल हे चालतायत आणि घोडा खोगीर घालून रिकामा चालतोय. मी विचारलं, "आबा, बसायचं ना!" तर म्हणाले, "ज्याना पाय धरात, त्याना पाठवर कसा बसू?"

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. ठेंगणीशी, भाता ओढून दंड पुरुषासारखे झालेली, आणि जीभ नवऱ्याच्या टाप तासायच्या सुरीपेक्षा धारदार. ती हसून म्हणाली, "आते काय सांगू डाक्तर तुमले! लगीनमाबी हाऊ बाबा घोडावर बसना नही. नवरदेव पायी, घोडा रिकामा. मन्हा मायबाप लोकेसले इचारेत, नवरदेव कोन शे यामा?"

आबा मान खाली घालून कानस चालवत राहिले. चिडले नाहीत. त्या घरात त्यांना बोलायची मुभा फक्त अक्काला होती, आणि ती मुभा ती रोज वापरी.

आता नाल वाचण्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलेलं आहे. नाल म्हणजे बोटभर रुंद लोखंडाची वाकवलेली पट्टी. आपल्याला सगळे झिजलेले नाल सारखेच. आबा तो उन्हात तिरपा धरत, कडेवरून अंगठा फिरवत, कधी नाकाशीही नेत आणि मग थांबत थांबत सांगायला लागत. घोडा कुठल्या मातीतून चालला, कुठल्या पायावर भार देतो, बसणारा कसा बसतो. एका तलाठ्याला त्यांनी सांगितलं, "भाऊ, तुमना उजवा गुडघा दुखस." तलाठी थक्क. ही गोष्ट त्याने घरीसुद्धा सांगितली नव्हती. उजवा पाय दुखतो म्हणून तो रिकिबीत टेकत नसे, सगळं वजन डावीकडे, म्हणून घोड्याचे डावे नाल जास्त झिजलेले. सांगितल्यावर सोपं वाटतं, पण आधी कोणाला सुचलं होतं?

काढलेले नाल ते मालकाला परत देत नसत. बहुतेक भट्टीत जात. पण जे जनावर मनापासून चाललं, ज्याने घरच्यांना पुरातून काढलं किंवा अडल्या बाईसाठी सुईण वेळेवर आणून पोचवली, त्याचा नाल घराच्या पूर्वेच्या भिंतीवर खिळ्याला टांगला जाई. भिंत अर्धीअधिक भरली होती. काळ्या घोड्याचा नाल दाराला ठोकला की घरात बरकत येते म्हणून लोक मागायला येत. आबा त्यांना हाकलून देत. "चाली चालीसन घोडा मरना, आनि नशीब तुम्हीन लेतस?" असं म्हणत. त्या भिंतीवर काय जावं हे एकटे आबा ठरवत, आणि तालुक्यातल्या कुठल्याही मानपत्रापेक्षा त्या खिळ्याची किंमत मोठी होती.

आता माझं पाप सांगतो.

पिंपळनेरच्या पुढे डोंगर लागतो. वर पाच-सहा पाडे. गडी-माणसं पावसावरची शेती करणारी, मोहाची फुलं-डिंक गोळा करणारी, बाजाराला तेवढी खाली उतरणारी. ते पाडे माझ्या हद्दीत होते. पहिल्याच वर्षी चढताना एका कातळावर तांबडी घसरली. माझा पाय रिकिबीत अडकला आणि मी दरीच्या बाजूला लोंबकळत चार-सहा हात फरफटत गेलो. पट्टेवाल्याने लगाम धरला म्हणून आज हे लिहितोय. हाड मोडलं नाही, पण आत काहीतरी मोडलं. त्यानंतर घाटाच्या पायथ्याला आलं की मी घोडी पुढे काढतच नसे.

मग मी काय करायचो? पायथ्याच्या गावी आंब्याखाली मुक्काम टाकायचा. बाजाराला उतरलेल्या बायांच्या कडेवरची जी पोरं सापडतील ती टोचायची. बाकीच्यांची नावं जन्माच्या यादीवरून उतरवायची आणि पुढे लिहायचं, 'टोचले'. आठ दिवसांनी फोड आला की नाही ते तपासायला परत जावं लागतं. त्याही रकान्यात लिहायचं, 'उत्तम आला'. दोन वर्षं मी हे केलं. पट्टेवाल्यालाही चढण नकोच होती. आमच्या दोघांत या विषयावर एक अक्षर कधी निघालं नाही. आणि साक्रीत आबांच्या लिंबाखाली बसून मी मात्र डोंगराच्या गोष्टी सांगायचो. कसा चढलो, कसा उतरलो, वरून खालचा मुलूख कसा दिसतो. आबा ऐकून घेत.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी तांबडीला घेऊन गेलो. तोवर तिचे नाल मी येता-जाता धुळ्याला बदलून घेत असे; गेल्या थंडीतले मात्र बदलायचे राहून गेले होते. आबांनी तिला फरशीवरून चालवलं, पाठ करून ऐकलं, चारही नाल काढले आणि एकेक उन्हात धरून पाहिला. अंगणात दोघं-तिघं गाडीवान बसले होते. आबा काहीच बोलले नाहीत. मला बसवून ठेवलं. गाडीवान आपापल्या बैलांच्या खुरांना पत्र्या मारून घेऊन निघून गेले, अक्का नदीवर गेली, तेव्हा त्यांनी एक नाल माझ्या हातात दिला.

"डाक्तर, हाई घोडी डोंगर चढेल नही."

मी म्हणालो, "चढलीय की आबा! मागच्याच साली…"

"तुम्हीन सांगतस चढनी. हाऊ सांगस नही चढनी," त्यांनी नालाकडे बोट केलं. "मी कोनं ऐकू?"

नाल गुळगुळीत होता. काळ्या मातीने आणि सडकेच्या धुळीने घासून घासून चकचकीत झालेला. त्यावर दगडाचा एक ओरखडा नव्हता. मी तो उलटसुलट करून पाहिला. आबा पुढे बोलले तेही माझ्याकडे न बघता, घोडीचा पाय उचलत.

"पयले साल घसरनी व्हती ना? फरशीवर मांगला पाय टाकाना पयले थांबस ती. तिनं काय चुकनं? टाप लांब वाढेल, नाल आरशानामायक गुयगुयीत. कातयवर कशी टिकी?" त्यांनी सुरी घेतली आणि वाढलेली टाप तासायला लागले. तासता तासता म्हणाले, "घोडीनं भेव मी काढस. तुमनं तुम्हीन काढा."

बस, एवढंच. वर कोणाची पोरं आहेत, ती टोचली गेली का, यातलं एक चकार अक्षर त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तांबडीला जे नाल ठोकले ते मी त्याआधी पाहिले नव्हते. मागची दोन्ही टोकं खाली वळवून त्यांना बारीक टाचा काढल्या होत्या. खिळ्यांची डोकीही पुरती न दाबता जरा वर ठेवली होती. कातळाला पाय धरावा म्हणून. घोडी माझ्या हातात देताना ते म्हणाले, "आते सडकवर जास्ती फिराडू नका. हाई नाल सडकना नहीत. सडकवर ती अवघडी." म्हणजे माझी घोडी आता फक्त डोंगरावरच सुखाने चालणार होती. मला असं पेचात पकडणारा वरिष्ठ अधिकारी पुढे तीस वर्षांत एकही भेटला नाही.

त्यातच घाटापलीकडे देवी निघाल्याची खबर बाजारात आली होती. पलीकडच्या गावांत पोरं दगावल्याचं लोक सांगत. मी ती खबर ऐकली आणि रात्रभर माझ्या वहीतला तो 'टोचले'चा रकाना डोळ्यांपुढून हलेना. देवी माझी वही वाचणार नव्हती.

मी चढलो. शूरपणाने चढलो असं कोणी समजू नये. तांबडी बिचारी खरोखर बदलली होती; कातळ आला की नाक खाली घालून, पाय रोवून टकटक टकटक चढायची. घोडीचं भेव आबांनी काढलं होतं. माझं होतं तिथेच होतं. पहिला कातळ दिसताच मी खाली उतरलो आणि लगाम धरून पायी चालायला लागलो. नजर पायाखालच्या हातभर जमिनीवर. सगळ्यात वरच्या पाड्यावर पोचलो तेव्हा पट्टेवाला माझ्याकडे नव्याने बघत होता.

पाड्यावरची पोरं जमली. मी यादी काढून नावं पुकारू लागलो. 'जमनी' म्हटल्यावर चारेक वर्षांची एक मुलगी आईचं बोट सोडून पुढे आली आणि तिने आपणहून दंड पुढे केला. माझ्या वहीत हिच्या नावापुढे दोन वर्षांपूर्वीचं 'टोचले' होतं. 'उत्तम आला' होतं. दंड कोरा होता. गुळगुळीत. मला आबांच्या हातातला तो नाल आठवला.

तिची आई म्हणाली, "दोन वरीस वाट देखी डाक्तर. आमना पाटील सांगे, आते येस, आते येस. तुम्हीन उनात नही." तक्रार नव्हती तिच्या आवाजात. पाऊस उशिरा आला म्हणावं तसं म्हणाली. मी लस काढली आणि त्या दंडावर टोचलं. मुलगी रडली नाही. मला मात्र तोंड फिरवून नाक शिंकरावं लागलं.

प्रत्येक पाडा दोनदा. एकदा टोचायला, आठ दिवसांनी फोड तपासायला. थंडीभर मी तो डोंगर चढलो-उतरलो, आणि दर खेपेला कातळाशी आलो की घोडीवरून खाली. भीती कमी झाली असं म्हणायला मी तयार आहे, पण ते खरं नाही. ती रोज तितकीच होती. जुन्या दोन वर्षांच्या वहीतल्या खोट्या ओळी मी खोडल्या आणि वरच्या साहेबांना कबुलीही लिहून दिली. माझी बढती त्यात राहिली ती कायमचीच. चैत्रात देवी घाट ओलांडून आमच्या पाड्यांवर आली, दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेली. पोरांपैकी एकालाही शिवली नाही. पण हे पुढचं झालं. त्याआधी होळीला आबांच्या अंगणात जे घडलं ते सांगायचं आहे.

होळीच्या आदल्या दिवशी मी तांबडीला घेऊन गेलो. दुपारची वेळ. उद्याच्या सणासाठी बाजाराला आलेले गाडीवान, टांगेवाले, पाच-सात माणसं लिंबाच्या सावलीत बसलेली. मी मनातून फुलून गेलो होतो. वाटत होतं, आबा नाल बघतील आणि पाठीवर थाप मारतील. भिंतीकडेही एकदा चोरून पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू.

आबांनी पहिला नाल काढला. उन्हात धरला. दुसरा काढला. कपाळाला आठी पडली. चारही नाल त्यांनी ऐरणीवर ओळीने मांडले, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि त्यांचा चेहरा जो बदलला तो मी कधी पाहिला नव्हता. गाडीवानांच्या देखत ते कडाडले.

"डाक्तर! घोडी गयी. तुम्हीन नही गयात!"

"म्हणजे?"

"दगडना ओरखडा शे. पाठवर वजन नही. हाई घोडी डोंगरवर रिकामी गयी. पट्टेवालाना हाते धाडी ना घोडी? माले फसाडाकरता? घोडीले फसाडाकरता?" त्यांनी एक नाल उचलून ऐरणीवर आपटला. "मी तुमले चार लोकेसमा काही बोलनू नही. माले वाटनं, माणूस शे, भ्याना, सुधरी. आनि तुम्हीन हाई करं?"

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. काय सांगणार? मी गेलो होतो म्हणून? त्या अंगणात माणसाच्या सांगण्याला काय भाव होता ते मला ठाऊक होतं. दोन वर्षं मी खोटं बोललो तेव्हा नाल खरं बोलला होता, आणि आज मी खरा होतो तर नाल माझ्या विरुद्ध उभा होता. असला रडकुंडीचा प्रसंग माझ्यावर परत आला नाही. पट्टेवाला पुढे होऊन काही म्हणायला लागला, तर त्याला आबांनी हातानेच गप्प केलं.

तेवढ्यात भात्याजवळून अक्काचा आवाज आला.

"आपला लगीनना घोडाबी रिकामाच व्हता."

आबा थबकले.

"त्याना नालवरबी वजन नव्हतं," अक्का भाता ओढता ओढता शांतपणे म्हणाली. "म्हनीसन काय नवरदेव उनाच नही का?"

कोणी हसलं नाही. आबांनी ऐरणीवरचे नाल एका बाजूला सारले. मग त्यांनी वाकलेल्या कमरेने वळून माझ्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नव्हे, पायांकडे.

"वहाणा काढा," ते म्हणाले.

मी वहाणा काढल्या. दिवाळीला धुळ्याहून करून आणलेल्या, जाड तळाच्या, त्यांची आता पार दशा झाली होती. एकीचा अंगठ्याचा पट्टा तुटला होता, तो सुतळीने बांधला होता. आबांनी त्या ऐरणीवर नालांच्या शेजारी उलट्या मांडल्या. मग एक उचलून उन्हात तिरपी धरली आणि कडेवरून अंगठा फिरवला, जसा ते नालावरून फिरवत.

"आठे पडनात," ते हळू म्हणाले. तुटलेला पट्टा त्यांच्या बोटाखाली होता. मी मान हलवली. खालच्या दुसऱ्या पाड्याच्या उतारावर पडलो होतो.

दुसरी वहाण घेतली. दोन्ही एकमेकींशेजारी धरल्या. दोन्हींच्या बाहेरच्या कडा घासून कागदासारख्या झाल्या होत्या, आतल्या कडा मात्र जाडच. आबा त्या कडांकडे पाहत राहिले. गाडीवानही उठून जवळ आले होते. मग ते बोलले ते मला नव्हे. ते तांबडीकडे बघून बोलले.

"बाई, तुले हाऊ डोंगरकडे धरे. सोता दरीकडे चाले. चढताबी, उतरताबी."

मी आबांची शपथ घेऊन सांगतो, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. मी घोडीला कुठल्या बाजूला धरतोय याचा विचारही कधी केला नव्हता. मी फक्त पायाखालची जमीन बघत होतो आणि घाबरत होतो. घोडी पुन्हा घसरली तर ती दरीत जाऊ नये, म्हणून माझे पाय दर खेपेला मला न विचारता कडेच्या बाजूला गेले होते. चढताना दरी एका हाताला, उतरताना दुसऱ्या, म्हणून दोन्ही वहाणांची दरीकडची, म्हणजे बाहेरची कड झिजली होती. हे थंडीभर माझ्याच पायांत होतं आणि मला कळलं नव्हतं. त्यांनी ते एका अंगठ्याने वाचलं.

आबांनी माझी माफी मागितली नाही. ते उठले, घरात गेले, एक नवा खिळा आणि हातोडा घेऊन आले आणि पूर्वेच्या भिंतीपाशी उभे राहिले. अक्का म्हणाली, "वरे नको, तठे जागा नही. त्या पुरमातला घोडाना बाजूले ठोका." त्यांनी तिथे खिळा ठोकला. आणि तांबडीचे चारही नाल भट्टीजवळच्या ढिगात टाकून त्या खिळ्याला माझ्या फाटक्या वहाणा टांगल्या.

मग ते परत येऊन घोडीचा पाय मांडीवर घेऊन बसले, जसं काही झालंच नव्हतं. "बस, बाई, बस," तिला म्हणाले, "आते तुना नवा नाल."

मी तिथून अनवाणी निघालो. फाल्गुनातलं भर दुपारचं ऊन, साक्रीचा भरलेला बाजार, आणि देवीडाक्तर उघड्या पायांनी चाललाय. लोक थांबून बघत होते. एकाने विचारलं, "डाक्तर, वहाणा कोठे गयात?" पायाला असे चटके बसत होते की डोळ्यांत पाणी येत होतं. पण सांगतो, उभ्या नोकरीत मी घोड्यावर बसून अनेक गावांत शिरलो, आणि त्या दिवसाइतक्या ऐटीत कधीही चाललो नाही.